गावठाणाची आतली रेघ

ब्रिटिश काळात सारा शेतावर बसे, म्हणून मोजणीही शेताचीच बारकाईने झाली. गावनकाशात प्रत्येक शेताची हद्द आणि क्रमांक आला. गावठाणाची मात्र बहुधा नुसती बाहेरची रेघ ओढली गेली. घर कोणाचे, अंगण कुठवर, हे कागदावर आलेच नाही. 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना सुरू झाली आणि ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊ लागली.

संगणकातल्या नकाशात शेतजमीन हा बहुभुज आणि गावठाण हे त्यातले छिद्र. सावनेर तालुक्यातील खापरखेड्यासारख्या ठिकाणी वस्तीशेजारी 1340 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी आणि राखेचे तलाव आहेत. तिथे छिद्र निसटले तर घरे आणि राखही शेतीत मोजली जाते. ही चूक किरकोळ नव्हे.

छिद्र ओळखण्याचा जुना मार्ग म्हणजे हद्दीच्या बंद रेघेवरच्या, म्हणजे कडीवरच्या, बिंदूंची दिशा. (0,0), (10,0), (10,10), (0,10) या क्रमाने क्षेत्रफळ +100 येते. (4,4), (4,6), (6,6), (6,4) या उलट क्रमाने −4. बेरीज 96. पण नकाशाच्या फाइलींचे प्रकार वेगवेगळे: 1998 च्या शेपफाइलच्या नियमात बाहेरची कडी घड्याळाच्या दिशेने जाते, तर जिओजेसनच्या 2016 च्या नियमात उलट. त्यामुळे नुसत्या दिशेवर विसंबू नये. कडीवरच्या एका बिंदूपासून सरळ किरण काढावा. तो इतर कड्यांना विषम वेळा छेदत असेल, तर ती कडी छिद्राची. छिद्रात पुन्हा शेत असेल तर छेद सम येतात. क्षेत्रफळ सातबाराशी ताडण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे.