उरलची वाट

नदीच्या अभ्यासाला बसणाऱ्याने आधी एवढेच विचारावे: हे पाणी आले कुठून, आणि कधी? आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर आषाढ-श्रावणात आभाळच देऊन टाकते. युरेशियातल्या स्टेपवर, त्या अफाट गवताळ माळावर, ते शोधावे लागते. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला मी थेट उरल नदीवर नेणार आहे. डोन, नीपर, इशीम याही स्टेपच्याच नद्या. पण माझ्या मते सुरुवात करावी ती उरलपासूनच.

बश्कोर्तोस्तानातल्या उरलताऊ रांगेत ती उगम पावते आणि २,४२८ किलोमीटर वाहून कॅस्पियनला मिळते. युरोपातल्या नद्यांत व्होल्गा आणि डॅन्यूब यांच्यानंतर लांबीत तिचाच क्रमांक लागतो. मॅग्निटोगोर्स्कच्या पोलाद कारखान्यांवरून ती दक्षिणेला उतरते, ओर्स्कला पश्चिमेकडे वळते, ओरेनबुर्ग ओलांडते आणि कझाकस्तानातल्या उराल्स्क शहरापाशी पुन्हा दक्षिण धरते. युरोप आणि आशिया यांची सीमा म्हणून तिचे नाव शाळेत सर्वांनी पाठ केलेले असते. मला त्या सीमेचे फारसे महत्त्व वाटत नाही. दोन्ही काठांवर तेच गवत, तीच माती, तोच वारा.

महत्त्व आहे ते दुसऱ्या वळणाला. उराल्स्कपर्यंत उजवीकडून साकमारा, डावीकडून ओर आणि इलेक अशा नद्या तिला पाणी देत येतात. तिथून समुद्रापर्यंतच्या सुमारे आठशे किलोमीटरांत सांगण्याजोगी एकही उपनदी नाही. या पट्ट्यात पाऊस तुटपुंजा आणि उन्हाळा कडक, त्यामुळे नदी पुढे जाताना वाढण्याऐवजी घटत जाते. पूर्वेला उईल आणि सागीझ, पश्चिमेला थोरली आणि धाकटी उझेन या नद्या याच माळावर निघतात आणि खारट दलदलीत नाहीतर उथळ तळ्यांत संपून जातात. उरल तेवढी समुद्र गाठते, कारण तिचे पाणी या माळाचे नसतेच. ते उत्तरेकडच्या डोंगरांवर आणि पठारांवर हिवाळाभर साठलेले बर्फ असते.

वर्षभराच्या पाण्याचा मोठा वाटा वसंतातल्या थोड्या आठवड्यांत वाहून जातो. ५ एप्रिल २०२४ रोजी ओर्स्कचा बंधारा फुटला, तेव्हा जगाने हे पाहिले. ओरेनबुर्गला पाणी शिगेला पोहोचायला त्यानंतर आठवडाभर लागला, आणि मुखाजवळच्या आतिराऊकडे पुराचा लोंढा त्याहून कितीतरी उशिरा सरकला. माळाचा उतार इतका मंद, की पूरसुद्धा चालत येतो.

हाच पूर काठ घडवतो. खालच्या टप्प्यात एखाद्या वळणाशी उभे राहावे. बाहेरच्या अंगाला पिवळसर मातीची उभी दरड, तळाशी कोरलेली, वर गवताची मुळे लोंबणारी. समोर वाळूचा सपाट दांडा, त्यावर कोवळी वाळुंजे आणि त्यांच्यामागे पॉप्लरची राई. माळावरची झाडी पुराचे पाणी पोहोचते तेवढ्याच पट्ट्यात. दरड दरसाल खचते आणि समोरचा दांडा वाढतो. आतिराऊच्या उत्तरेला सरायचिक हे मंगोलांच्या सुवर्ण टोळीच्या काळातले शहर होते. चौदाव्या शतकात इब्न बतूताने तिथला होड्यांचा पूल ओलांडला. त्या शहराचे अवशेष नदीने असेच पोखरत नेले आहेत.

इतिहासकारांसाठी इथे पुष्कळ आहे. कोसॅक पुगाचोव्हच्या बंडानंतर १७७५ मध्ये रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने ‘याइक’ हे जुने नाव पुसून ‘उरल’ हे नाव लावले. कझाक लोक अजूनही ‘झायिक’च म्हणतात. पण जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने आधी धरणे कुठे आहेत ते बघावे. मोठे इरिक्लिन्स्कोये धरण ओर्स्कच्याही वर आहे. त्याखाली मुख्य प्रवाहावर मोठी भिंत नाही. व्होल्गोग्राडच्या धरणाने व्होल्गातल्या स्टर्जन माशांची वरची वाट अडवली; उरलमध्ये मात्र ते समुद्रातून चढून खडकाळ तळाच्या जागांपर्यंत जाऊन अंडी घालू शकतात. त्यासाठी एप्रिल-मेचे पाणी पुरेसे खोल आणि वेळेवर यावे लागते.

नव्या अभ्यासकाने नकाशाआधी ओरेनबुर्ग, उराल्स्क आणि आतिराऊ इथल्या वसंतातल्या रोजच्या जलपातळीच्या नोंदी काढाव्यात आणि तिन्ही आलेख एकाखाली एक मांडावेत. पुढची प्रकरणे त्या तीन आलेखांवरूनच सुरू होतात.