विल्यम केरी आणि आपली मराठी

मंडळी, रत्नागिरीत बसून मराठी शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण मुंबई-पुण्यापासून सुरुवात करतो. आज जरा बंगालकडे वळू. विल्यम केरी (१७६१–१८३४) मूळचा जोडे शिवणारा, पुढे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात तो मराठीही शिकवायचा. पगारातला बराच पैसा सेरामपूरच्या मिशनला, तिथल्या शाळांना द्यायचा. तिथेच १८१८ मध्ये कॉलेज निघालं. त्याचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा. कोशातले मराठी शब्द मोडीत छापलेले. हेतू धर्मप्रसाराचाच होता, तो झाकायचं कारण नाही. पण या कामात वैजनाथ पंडितांची साथ होती. दात्याचं नाव आपण घेतो. त्याला मराठी सांगणाऱ्याचंही घ्यायला हवं ना?