पाइपमध्ये नेमकं किती पाणी मावतं? घनफळ आणि पृष्ठफळ काढण्याची सोपी पद्धत

शेतात पाइपलाइन टाकायची असो, सोसायटीतल्या लोखंडी पाइपांना रंग द्यायचा असो किंवा हार्डवेअरच्या दुकानातून वजनावर पाइप घ्यायचा असो, तिन्ही ठिकाणी प्रश्न पाइपचाच असतो. पण तिन्ही ठिकाणी हिशेब वेगळा असतो. आत किती मावतं, बाहेरून किती भाग रंगवायचा आणि पाइपमध्ये माल किती आहे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकांत मिसळल्या की पैसे वाया जातात.

हिशेब मात्र दहावीच्या 'महत्त्वमापन' या प्रकरणाच्या पलीकडचा नाही.

पाइप म्हणजे पोकळ वृत्तचिती

शाळेतली वृत्तचिती भरीव होती, तिला एकच त्रिज्या होती. पाइपला दोन असतात: बाहेरची आणि आतली. त्या दोन्हींतला फरक म्हणजे पाइपच्या भिंतीची जाडी.

बाहेरचा व्यास ६३ मिलिमीटर आणि भिंत २ मिलिमीटर असेल, तर आतला व्यास ६१ नाही, ५९ मिलिमीटर येतो. भिंत दोन्ही बाजूंना असते, म्हणून जाडी दोनदा वजा करायची. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

आत पाणी किती मावतं?

यासाठी फक्त आतली त्रिज्या लागते.

सूत्र: ३.१४ × आतली त्रिज्या × आतली त्रिज्या × लांबी

वरच्याच पाइपचं उदाहरण घेऊ. आतला व्यास ५९ मिमी, म्हणजे त्रिज्या २.९५ सेंटिमीटर. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर लांबी.

३.१४ × २.९५ × २.९५ × १०० = सुमारे २,७३३ घन सेंटिमीटर

१,००० घन सेंटिमीटर म्हणजे १ लिटर. म्हणजेच या पाइपच्या दर मीटरमध्ये २.७३ लिटर पाणी मावतं. विहिरीपासून शेतापर्यंत ५०० मीटर लाइन असेल, तर ती भरायलाच सुमारे १,३६६ लिटर पाणी लागेल. पंप सेकंदाला ३ लिटर पाणी देत असेल, तर रिकामी लाइन भरून टोकाला पाणी पडायला साधारण साडेसात मिनिटं जातील.

इथे चुकून बाहेरचा व्यास धरला, तर उत्तर १,५५८ लिटर येतं. म्हणजे जवळपास १९२ लिटरचा फरक.

तोंडी हिशेब हवा असेल, तर एक सोपी युक्ती आहे. आतला व्यास इंचात घ्या, त्याचा वर्ग करा आणि निम्मा करा. एका मीटरमध्ये साधारण तितके लिटर पाणी मावतं. २ इंचाला २ लिटर, ३ इंचाला साडेचार, ४ इंचाला ८ लिटर.

दोन अर्धा इंची म्हणजे एक इंची नाही

सूत्रात त्रिज्या दोनदा गुणली जाते. त्यामुळे व्यास दुप्पट झाला की मावणारं पाणी चौपट होतं. आतून १ इंच असलेल्या एका पाइपइतकी जागा मिळवायला आतून अर्धा इंच असलेले चार पाइप लागतात, दोन नाही.

प्रत्यक्ष वाहणाऱ्या पाण्यात फरक आणखी मोठा असतो. बारीक पाइपमध्ये तेवढ्याच पाण्याला भिंतीचा स्पर्श जास्त होतो, घर्षण वाढतं आणि दाब कमी होतो. म्हणून टाकीपासून येणारी मुख्य लाइन बारीक ठेवली, की दोन नळ एकदम सोडल्यावर धार बारीक होते.

बाहेरून रंग किती लागेल?

इथे बाहेरचा व्यास घ्यायचा. पाइप उभा चिरून सपाट केला, तर एक लांब आयत तयार होईल. त्याची एक बाजू पाइपची लांबी आणि दुसरी बाजू पाइपचा परिघ.

सूत्र: ३.१४ × बाहेरचा व्यास × लांबी

इथे पाइपचं नाव फसवतं. '२ इंची' लोखंडी पाइपचा बाहेरचा व्यास २ इंच, म्हणजे ५०.८ मिमी नसतो. तो ६०.३ मिमी असतो. '१ इंची' पाइप बाहेरून ३३.७ मिमी, तर 'अर्धा इंची' २१.३ मिमी भरतो. ही मापं म्हणजे पाइपची नावं आहेत, मोजलेली लांबी नाही.

६ मीटर लांबीचे ४० दोन इंची पाइप रंगवायचे असतील, तर खरं क्षेत्रफळ सुमारे ४५.४ चौरस मीटर, म्हणजे ४८९ चौरस फूट होतं. नावावर जाऊन ५०.८ मिमी धरलं, तर ४१२ चौरस फूटच येतात. तब्बल ७७ चौरस फुटांचा रंग कमी पडेल.

कॅलिपर नसेल, तर पाइपभोवती दोरा एकदा गुंडाळा, त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. बाहेरचा व्यास मिळेल.

पाइप आतून-बाहेरून दोन्हीकडून जस्ताचा थर देऊन घ्यायचा असेल, तर आतल्या व्यासानेही हेच गणित करून बेरीज करायची. दोन्ही टोकांच्या कडांचं क्षेत्रफळ लांब पाइपमध्ये इतकं कमी असतं, की व्यवहारात सोडून दिलं तरी चालतं.

पाइपमध्ये माल किती?

बाहेरच्या घनफळातून आतलं घनफळ वजा केलं, की भिंतीतला माल मिळतो. त्याचं सोपं रूप असं:

सूत्र: ३.१४ × (बाहेरचा व्यास − जाडी) × जाडी × लांबी

दोन इंची लोखंडी पाइपची भिंत ३.६ मिमी असेल, तर एका मीटरमध्ये सुमारे ६४१ घन सेंटिमीटर पोलाद असतं. एका घन सेंटिमीटर पोलादाचं वजन ७.८५ ग्रॅम. म्हणजे मीटरला ५.०३ किलो आणि ६ मीटरच्या पाइपला सुमारे ३०.२ किलो.

भिंत २.९ मिमी असेल, तर तोच पाइप सुमारे २४.६ किलोचा होतो. बाहेरून दोन्ही पाइप सारखेच दिसतात, पण मालात साडेपाच किलोंहून जास्त फरक असतो. नगावर पाइप घेताना म्हणूनच जाडी मोजून किंवा पाइप काट्यावर ठेवून बघावा.

शेतीच्या पीव्हीसी पाइपमधला 'किलो'

शेतीच्या दुकानात '४ किलो', '६ किलो' असे पीव्हीसी पाइप मिळतात. हा किलो वजनाचा नाही. दर चौरस सेंटिमीटरला पाइप किती दाब सोसू शकतो, ते तो सांगतो. ६३, ७५, ९० मिमी ही मापं मात्र बाहेरच्या व्यासाची असतात. त्यामुळे त्याच मापाचा '६ किलो'चा पाइप घेतला, तर भिंत जाड होते आणि आतली जागा थोडी कमी होते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- पाणी किती मावतं: आतला व्यास
- बाहेरून रंग किती लागेल: बाहेरचा व्यास
- वजन किती भरेल: बाहेरचा व्यास आणि जाडी
- आतला व्यास काढताना जाडी दोनदा वजा करा
- सगळी मापं आधी एकाच एककात आणा. मिलिमीटर, इंच आणि फूट मिसळले, तर सूत्र बरोबर असूनही उत्तर चुकतं