न लागलेला छर्रा

शॉटगनच्या एका काडतुसात शंभराहून जास्त छर्रे असतात. नेम अचूक असला तरी उडत्या बदकाला त्यातले मोजकेच लागतात. बाकीचे पाण्यात पडतात आणि तळाच्या चिखलात जाऊन बसतात. अमेरिकेत बदकांच्या शिकारीसाठी काडतूस कसं निवडायचं, हे शेवटी या बाकीच्या छर्ऱ्यांनी ठरवलं.

मी कोड लिहितो, बंदूक कधी हातात धरलेली नाही. आपल्याकडे रानबदकांची शिकार कायद्याने बंदच आहे. पण काडतुसाचा हिशेब कुठल्याही इंजिनियरला आवडेल असा आहे. छर्रा जड हवा, म्हणजे हवेत त्याचा वेग टिकतो आणि पक्षी जागीच पडतो. छर्रे भरपूर हवेत, म्हणजे मधे मोकळी जागा राहत नाही. शिसं इथे चपखल बसायचं: पाण्याच्या 11 पट जड, मऊ आणि स्वस्त.

या हिशेबात एक रकाना नव्हता. बदकाला दात नसतात. ते बारीक खडे गिळतं आणि पोटातली स्नायूंची पिशवी त्या खड्यांनी दाणे भरडते. तळाशी पडलेला छर्रा त्याला खड्यासारखा किंवा बीसारखाच वाटतो. पोटात तो घासला जातो, आम्लात विरघळतो आणि शिसं रक्तात जातं. पंख लोंबतात, बदक वाळत जातं आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत मरतं. आमच्या भाषेत हा मेमरी लीक: बिघाड एकीकडे, कोसळणं भलतीकडे आणि कितीतरी उशिरा. मेलेली बदकं कोल्हे, गरुड खाऊन टाकतात, त्यामुळे ढीग दिसत नाही. गरुडांनाही तेच विष बाधतं.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने 1894 मध्येच आपल्या 'फॉरेस्ट अँड स्ट्रीम' या साप्ताहिकात त्यावर लिहिलं होतं, आणि तो स्वतः शिकारी होता. 1959 मध्ये इलिनॉयच्या फ्रँक बेलरोजने हजारो बदकांची पोटं तपासून अंदाज मांडला: उत्तर अमेरिकेतले दोन ते तीन टक्के पाणपक्षी दरवर्षी शिशाने मरतात. तरी देशभर बंदी यायला 1991 उजाडलं.

उशीर नुसत्या हट्टामुळे झाला नाही. पर्याय होता स्टील, आणि ते शिशापेक्षा सुमारे 30 टक्के हलकं. शिकाऱ्यांचं म्हणणं होतं की पक्षी जखमी होऊन निसटतील आणि झुडपात तडफडून मरतील. कडक छर्ऱ्यांनी जुन्या बंदुकांच्या नळ्या खराब होण्याची भीतीही खरी होती.

तोडगा निघाला तो साध्या गणितातून. छर्ऱ्याचा नंबर जितका लहान, तितका छर्रा मोठा. 4 नंबरचा शिशाचा छर्रा 3.3 मिलिमीटरचा, वजन साधारण 0.21 ग्रॅम. त्याच मापाचा स्टीलचा भरतो जेमतेम 0.15 ग्रॅम. पण दोन नंबर मोठा, म्हणजे 2 नंबरचा घेतला तर 3.8 मिलिमीटर आणि 0.23 ग्रॅम. वजन भरून निघालं. जोडीला वेग वाढवला, नळीचं तोंड कमी आवळलं आणि लांबून बार टाकायची सवय सोडली. पुढे बिस्मथ आणि टंगस्टनची महागडी काडतुसंही आली.

मग मिसिसिपीच्या हवाई मार्गावरच्या बदकांची पोटं पुन्हा तपासली गेली. 2000 मध्ये आलेल्या त्या अभ्यासाचा अंदाज असा, की तिथल्या मॅलार्ड बदकांचे शिशाने होणारे मृत्यू 64 टक्क्यांनी घटले, आणि 1997 च्या एका हंगामात उत्तर अमेरिकेतली सुमारे 14 लाख बदकं वाचली. ही बदकं कुणी वाचताना पाहिली नाहीत, जशी आधीची मरतानाही फारशी कुणी पाहिली नव्हती.

अमेरिकेचा तो देशव्यापी नियम पाणपक्ष्यांपुरताच आहे. पारव्यांच्या शिकारीत अनेक राज्यांत शिसं अजून चालतं. छर्रे तिथेही जमिनीवरच पडतात, आणि पारवेही खडे गिळतात.