वजनी मणी

१. वजनी मणी : ‘निम्फ’ म्हणजे ट्राउट मासे खातात त्या पाणकिड्यांच्या पिल्लांची गळावर पिसे-दोरा गुंडाळून केलेली नक्कल. इंग्लंडमधील एव्हन नदीचे रक्षक फ्रँक सॉयर वजनासाठी तांब्याची तार गुंडाळत; पुढे गळावर धातूचा मणी ओवणे रूढ झाले. पितळेची घनता पाण्याच्या सुमारे ८.५ पट, शुद्ध टंगस्टनची १९.३ पट, मण्यांतील टंगस्टन मिश्रधातूची त्याहून थोडी कमी. म्हणून खोल, वेगवान धारेत टंगस्टन निवडावे. तेवढ्याच आकाराचा पितळी मणी तळाशी पोहोचण्याआधीच वाहून जातो. उथळ, संथ पाण्यात मात्र पितळच बरे. जड निम्फ तिथे दगडांत अडकते. मण्याचे अरुंद भोक गळाच्या नेढ्याकडे ठेवावे. – संपा.