श्रवणसेवेची वाटचाल : शिबिरापासून स्थायी केंद्रापर्यंत

'श्रावक' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकणारा' असा आहे. जिनवाणी प्रथम कानांनी ग्रहण केली गेली, गुरुमुखातून शिष्याकडे आली, म्हणूनच तिला 'श्रुत' हे नाव प्राप्त झाले. श्वेतांबर परंपरेनुसार महावीर-निर्वाणानंतर ९८० वर्षांनी वल्लभी येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. तोपर्यंत सारी भिस्त श्रवण आणि स्मरण यांवरच होती. तत्त्वार्थसूत्रात जीवांची गणना इंद्रियांच्या चढत्या क्रमाने केली आहे आणि त्या क्रमात श्रोत्र हे पाचवे, म्हणजे सर्वांत शेवटी लाभणारे इंद्रिय होय.

ज्या धर्मात श्रवणाला इतके मोल आहे, त्या समाजात वार्धक्याने आलेला बहिरेपणा मात्र 'वयोमानाप्रमाणे चालायचेच' असे म्हणून सोडून दिला जातो. प्रतिक्रमणाचे पाठ मुखोद्गत असल्याने वृद्ध श्रावक-श्राविका तेथे साथ देऊ शकतात. परंतु चातुर्मासातील व्याख्यान पुढच्या रांगेत बसूनही त्यांना उमगत नाही. प्रथम स्थानकात जाणे कमी होते, मग दुकानात बसणे, शेवटी घरातील बोलणेही. मोतीबिंदूसाठी धावपळ करणारे कुटुंब कानासाठी मात्र स्वस्थ बसते. सुवर्णमहोत्सवी वर्षात पुढील कार्याचा विचार होत असताना या उपेक्षित इंद्रियाच्या सेवेचा इतिहास पाहणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

शास्त्राचा उदय

श्रवणशास्त्र ही तुलनेने अर्वाचीन विद्याशाखा आहे. दुसऱ्या महायुद्धात श्रवणशक्ती गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या निमित्ताने १९४० च्या दशकात अमेरिकेत तिला स्वतंत्र रूप आले. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि त्यानंतर काही वर्षांतच श्रवणयंत्र आकाराने लहान होऊ लागले. पुढे खिशातील पेटी व वायर जाऊन कानामागे बसणारे यंत्र आले. १९९६ च्या सुमारास पूर्णतः डिजिटल यंत्रे बाजारात आली.

भारतात मुंबई येथे १८८० च्या दशकात मूकबधिर मुलांसाठी पहिली शाळा सुरू झाली. मात्र श्रवणतज्ज्ञ घडविणारी राष्ट्रीय पातळीवरील संस्था उभी राहण्यास १९६५ साल उजाडावे लागले. त्या वर्षी म्हैसूर येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन झाली. मुंबईत ९ ऑगस्ट १९८३ रोजी राष्ट्रीय श्रवण संस्था अस्तित्वात आली. महाराष्ट्राचे राज्यपाल असताना १९७६ मध्ये दिवंगत झालेले अली यावर जंग यांचे नाव तिला देण्यात आले. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या व्यवसायास नोंदणीची चौकट दिली. तेव्हापासून पदवीधर, नोंदणीकृत श्रवणतज्ज्ञ आणि केवळ यंत्र विकणारा विक्रेता यांतील भेद स्पष्ट झाला. ग्राहकाने तो लक्षात घेतला का, हा प्रश्न वेगळा.

शासनाच्या बाजूने १९८१ पासून दिव्यांगांना साहाय्यक साधने देणारी 'एडिप' योजना चालत आली आहे. २००६-०७ मध्ये बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २५ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असणाऱ्यांची संख्या सुमारे ५० लाख ७१ हजार नोंदली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार ज्यांना श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकतो, अशांपैकी जेमतेम १७ टक्के लोक ते प्रत्यक्ष वापरतात.

शिबिरांचे यश आणि त्याची मर्यादा

जैन समाजाने वैद्यकीय सेवेत शिबिरांची उज्ज्वल परंपरा निर्माण केली आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षात, १९७५ साली, जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना झाली आणि 'जयपूर फूट' जगभर पोहोचला. पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने डॉ. शरदकुमार दीक्षित यांच्या सहकार्याने महाराष्ट्रात प्लास्टिक सर्जरीची शिबिरे भरविली व असंख्य दुभंगलेले ओठ जुळविले.

दुभंगलेला ओठ बहुधा एका शस्त्रक्रियेत जुळतो. मोतीबिंदू काढून भिंग बसविले की रुग्ण काही दिवसांत आपल्या कामाला लागतो. श्रवणयंत्राचे तसे नाही. यंत्र कानाला लावले त्या दिवशी काम संपत नाही, तर सुरू होते. वर्षानुवर्षे मंद ऐकलेल्या मेंदूला भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर आणि माणसाचा आवाज पुन्हा वेगळे करायला शिकावे लागते. त्यास आठवडे लागतात. यंत्राचे आवाजमान दोन-तीनदा जुळवावे लागते. कानाच्या मापाचा साचा सैल झाला की शिट्टी वाजते, नळीत मळ साचला की आवाज बंद पडतो, पावसाळ्यात ओल शिरते. हे सारे पाच-दहा मिनिटांत दुरुस्त होण्यासारखे असते. पण दुरुस्त करणारा माणूस जवळ हवा.

सेलचाच हिशेब पाहावा. एक सेल दहा दिवस चालतो असे धरले, तर एका कानास वर्षाकाठी ३६ सेल लागतात. यंत्र पाच वर्षे टिकले, तर ही संख्या १८० होते. म्हणजे दान एका दिवसाचे आणि खर्च पाच वर्षांचा. तो कोणी करायचा हे ठरले नसेल, तर मिळालेले यंत्र डबीत बंद होऊन कपाटात जाते.

नंदुरबारचे चित्र

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यात दोन तृतीयांशांहून अधिक आदिवासी बांधव आहेत. सहा तालुक्यांपैकी नंदुरबार, नवापूर, शहादा व तळोदा यांना बाजारपेठेचा आधार आहे. अक्कलकुवा व अक्राणी सातपुड्याच्या कुशीत आहेत. विशेष उपचारांसाठी धुळे, नाशिक किंवा ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने सुरत गाठण्याची येथील रीत जुनी आहे. शस्त्रक्रियेसाठी एकदा सुरतेस जाणे समजू शकते. साचा सैल झाला म्हणून धडगावच्या शेतकऱ्याने सुरत गाठावी, ही अपेक्षाच अवास्तव होय.

भाषेचाही प्रश्न आहे. श्रवणचाचणीत केवळ यंत्राच्या सुरांचा नव्हे, शब्द ओळखण्याचाही भाग असतो. अहिराणी, भिली, गुजरी, गुजराती, मारवाडी बोलणाऱ्या वृद्धास परक्या प्रमाणभाषेतील शब्द ऐकवून कानाची पारख होत नाही. ते काम स्थानिक बोली जाणणारे केंद्रच नीट करू शकते.

केंद्र टिकावे कसे

१९७६ साली मदुराई येथे निवृत्तीनंतर डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. ऐपत असणाऱ्यांनी पैसे द्यावेत, नसणाऱ्यांवर त्याच दर्जाचे उपचार व्हावेत आणि रुग्णालय आपल्याच उत्पन्नावर उभे राहावे, हे तेथील सूत्र. देणगीदाराच्या पुढील धनादेशाची वाट पाहत बसावे न लागल्यामुळेच ते कार्य वाढले. श्रवणसेवेसही हाच मार्ग अनुरूप आहे.

श्रवणकेंद्राचा खर्च ठराविक असतो : तज्ज्ञाचे वेतन, भाडे, ध्वनिरोधक खोली, चाचणीयंत्र व त्याची वार्षिक प्रमाणतपासणी. हा सारा भार केवळ यंत्रविक्रीच्या नफ्यावर टाकला, तर महागडे यंत्र खपविण्याचा मोह होतो आणि पंचक्रोशीतील विश्वास उडतो. म्हणून चाचणी, साचा, जुळवणी व दुरुस्ती यांचे शुल्क यंत्राच्या किमतीपासून वेगळे दाखवावे. २०१७ च्या वस्तू व सेवा करात श्रवणयंत्रास करमाफी मिळाली, सेलवर मात्र कर पडतो. हे बारकावेही ग्राहकास पावतीवर दिसावेत. चोख हिशेब हीच केंद्राची खरी जाहिरात.

वाढही बेताने व्हावी. एका ठिकाणी घडी बसल्यावर आठवड्यातून एक दिवस शहादा, एक दिवस तळोदा असा फेरा ठरावा. बाजाराचा दिवस निवडला, तर खेड्यातील माणसाची मजुरी बुडत नाही. प्रत्येक ठिकाणी शाखा थाटण्याची घाई झाली, की भाडे वाढते आणि तज्ज्ञ थकून शहराकडे परततो. दरवर्षी शिलकीतील काही भाग यंत्रसामग्रीच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवणे, ही तर कोणत्याही पेढीची जुनी शिस्त आहे.

न्यासांचे कार्य

धर्मादाय न्यासांचे स्थान यात कोठे? एका दिवसात शंभर यंत्रे वाटण्याऐवजी वीस गरजूंच्या पाच वर्षांच्या सेल, साचे व तपासण्यांची हमी न्यासाने घ्यावी. केंद्रास जागा, पहिले चाचणीयंत्र किंवा प्रारंभीच्या दोन-तीन वर्षांचे भाडे द्यावे व त्या बदल्यात ठराविक गरीब रुग्णांची निःशुल्क सेवा लेखी मागावी. ज्यांना शासकीय योजनेतून यंत्र मिळाले आहे, त्यांची देखभालही याच करारात समाविष्ट करावी. फलकावर लिहिण्यास यंत्रांची संख्या सोपी पडते. परंतु पाच वर्षांनंतर किती कान ऐकत आहेत, ही नोंदच खरा अहवाल होय.

चार दानांत औषधदान आणि ज्ञानदान यांना थोर मानले आहे. ऐकू न येणाऱ्यास पुन्हा ऐकू येईल अशी व्यवस्था करण्यात ही दोन्ही दाने एकत्र येतात. गेल्या पन्नास वर्षांत समाजाने उपाश्रय, धर्मशाळा व पाठशाळा उभारल्या, व्याख्यानासाठी ध्वनिवर्धक आणले. पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी त्या व्याख्यानास बसलेल्या प्रत्येकास ते ऐकू येते की नाही, याची एकदा गणती व्हावी. ती येत्या चातुर्मासातच करता येईल. तिला ना निधी लागतो, ना परवानगी.