सोनखत: शब्दात सोनं, डोक्यावर पाटी

आजच्या भागात एका शब्दाची गोष्ट. शब्द आहे ‘सोनखत’.

गाईम्हशींच्या शेणापासून होतं ते शेणखत. माणसाच्या मैल्यापासून होतं ते मात्र सोनखत. आपल्या भाषेनं त्याला थेट सोन्याचा भाव दिला. कारणही साधं आहे. आपण खातो त्या धान्यातलं नत्र आणि स्फुरद बहुतांशी मलमूत्रातूनच बाहेर पडतं. ते शेतात परत गेलं की जमिनीची भरपाई होते. पण हे सोनं उचलायचं कुणी? शब्दात त्याचं उत्तर नाही. इतिहासात आहे.

आधी पुण्याला जाऊ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याच्या धरणातून मुठेचा कालवा निघाला आणि पुण्याच्या आसपास उसाला पाणी मिळालं. ऊस म्हणजे खादाड पीक. खत हवंच. शहरातला मैला राखेत मिसळायचा, सुकवायचा आणि शेतकऱ्यांना विकायचा, असा व्यवहार तिथे उभा राहिला. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. पिकं दिसली तशी मागणी वाढली. भारतातल्या शेतीची पाहणी करायला आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात पुण्याच्या या खताची दखल घेतली आहे.

हिशेब छानच दिसतो ना? शहर स्वच्छ, पालिकेला उत्पन्न, शेताला खत. पण घराघरातून तो मैला टोपलीत भरून, डोक्यावरून वाहून नेणारी माणसं ठरलेल्या जातींतली होती. खताला किंमत आली, पण त्यांच्या वाट्याला विटाळच आला. नाव सोनखत, आणि ज्याच्या हाताने ते तयार होतं तो अस्पृश्य!

मग माणसाचा हात न लावता हे मोल काढता येईल का? याचं एक उत्तर मुंबईत सापडतं. माटुंग्याला १८९० मध्ये कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान सुरू झालं. आज त्याला आपण ॲकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखतो. तिथे १८९७ च्या सुमारास मैलापाण्याच्या बंद टाकीतून निघणारा वायू गोळा करून वापरायला सुरुवात झाली. टाकीत हवा नसली की जिवाणू मैला कुजवतात आणि जळणारा वायू तयार होतो. मैला पाण्याबरोबर नळातून येतो, टाकीत आपोआप कुजतो. डोक्यावरच्या पाटीची गरजच उरत नाही. समाजानं गावाबाहेर ठेवलेल्या माणसांच्या वस्तीत हा प्रयोग झाला, हे मला विसरता येत नाही.

पण नळ आणि टाकी आल्यानं जात गेली, असं मात्र झालं नाही. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करू द्या अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला ते काम द्यायला तुरुंग तयार नव्हता. त्यांनी उपास मांडला आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपास सुरू केला. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेबांनी हात न लावता खत मिळेल अशा संडासांवर काम केलं. त्याच वाटेवर देहूचे डॉ. मापुसकर चालले. संडासाला जोडलेल्या त्यांच्या गॅस संयंत्राचं नाव ‘मलप्रभा’. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारी पातळीवर मुंबई राज्यानं १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांची समिती नेमली. सफाई कामगारांच्या हालांची चौकशी करायची होती. हातानं मैला उचलण्यावर बंदीचा केंद्रीय कायदा मात्र यायला १९९३ साल उजाडलं. तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

आता आपल्या विदर्भात येऊ. नागपूर महापालिका आणि महानिर्मिती यांच्यात २००८ मध्ये करार झाला. शहराचं सांडपाणी शुद्ध करायचं आणि ते कोराडीच्या वीज केंद्राला द्यायचं. कोळशाच्या वीज केंद्राला थंडाव्यासाठी प्रचंड पाणी लागतं, आणि ते पिण्याइतकं शुद्ध असायची गरज नसते. तेवढं पेंच धरणाचं पाणी वाचतं. म्हणजे नाल्यातून वाहून जाणाऱ्या पाण्याला गिऱ्हाईक मिळालं!

मग आमच्या वाशिमचं काय? आमचा जिल्हा दोन खोऱ्यांच्या माथ्यावर बसलाय. काटेपूर्णा इथे उगम पावून तापीच्या खोऱ्यात जाते, अडाण आणि अरुणावती गोदावरीच्या खोऱ्यात. नद्या इथे जन्मतात आणि मोठ्या होतात दुसऱ्याच्या अंगणात. अशा जागी एकदा वापरलेलं पाणी पुन्हा वापरणं ही चैन नव्हे. सोयाबीन पेरताना डीएपीच्या पोत्यामागे धावणाऱ्या शेतकऱ्याला स्फुरदाचं मोल मी काय सांगणार?

पण छोट्या गावांना नागपूरची नक्कल जमायची नाही. इथे घरोघरी सेप्टिक टाकी असते, आणि ती तुंबेपर्यंत कुणी बघत नाही. अशा गावांसाठी वाई आणि सिन्नरचा दाखला जवळचा आहे. टाकी तुंबायची वाट न बघता ठरलेल्या वेळापत्रकानं ती उपसायची, आणि तो गाळ शुद्धीकरण केंद्रात न्यायचा, ही पद्धत तिथल्या नगरपालिकांनी सुरू केली. गाळ एका ठिकाणी आला, तरच त्याचं खत होऊ शकतं. ओढ्यात ओतला, तर फक्त रोग.

म्हणून माझी एक विनंती. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत टाकी उपसणारा टँकर आला, की दोन गोष्टी विचारा. हा गाळ जातो कुठे? आणि टाकीत माणूस उतरतो का? सेप्टिक टाकीत गुदमरून माणसं मेल्याच्या बातम्या आजही येतात. पहिल्या प्रश्नाचं चांगलं उत्तर मिळालं आणि दुसऱ्याचं वाईट, तर आपण पुण्याच्या त्या जुन्या हिशेबापाशीच उभे आहोत असं समजा.

तुमच्या गावात काय उत्तर मिळालं, ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.